डावीकडच्या नटावरचा ठिपका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि दोन पेग झाले की ज्याच्याजवळ सगळे मन मोकळं करतात त्या मित्रालाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही माझे कुणी लागत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाजवळ कबूल केलं की तो लगेच खांद्यावर हात ठेवतो — "अरे, होतं असं." मला तो हात नको आहे. असं आपोआप होत नसतं. ते करावं लागतं, आणि मी ते केलं.

माझं दिंडोरी रोडला गॅरेज आहे. 'गॅरेज' म्हटलेलं मला पूर्वी चालायचं नाही. पाटीवर 'क्लासिक कार स्टुडिओ' असं लिहून घेतलं होतं, तेही इंग्रजी अक्षरांत. वडिलांच्या काळात तिथे ट्रॅक्टर आणि टेम्पो दुरुस्त व्हायचे. वडील गेल्यावर मी ट्रॅक्टर बंद केले. मी डिप्लोमा केलेला, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारा माणूस — मी काय चिखलाची चाकं खोलत बसणार? नाशिकला तेव्हा जुन्या गाड्यांचं खूळ आलं होतं. ज्यांच्या बापाने गाडी परवडावी म्हणून पोटाला चिमटा घेतला, ते आता त्याच गाडीचं छप्पर कापून तिला 'हेरिटेज' म्हणू लागले होते. मी त्यांच्यावर जगत होतो आणि त्यांना मनातल्या मनात हसत होतो. समोर मात्र दात काढून 'सर, सर' करायचो. मला कुणाबद्दल सगळ्यात जास्त तिटकारा होता हे तेव्हा कळत नव्हतं. आज कळतं.

त्यातलेच एक दिंडोरीचे दादासाहेब. द्राक्षाची मोठी बाग, बागेत पाहुण्यांसाठी बंगल्या, डोक्यावर कायम एक गोल हॅट. घरात वडिलांची जुनी पद्मिनी गाडी पडून होती. तिचं त्यांनी पुण्याहून छप्पर कापून आणलं होतं, आतमध्ये नव्या गाडीचं दुपटीने ताकदवान इंजिन बसवून घेतलं होतं, रुंद चाकं घातली होती आणि रंग वाइनचा दिला होता. एवढं सगळं केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गाडी वळत नाही. म्हणजे वळायची, पण स्टिअरिंग बोटभर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा, आणि ब्रेक दाबला की पुढचं नाक जमिनीला लागायला जायचं. पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग सगळं नव्याने करा, म्हणाले, आणि दसऱ्याला द्या. दसऱ्याला त्यांच्या बागेत पाहुणे यायचे होते.

आता रंगनाथ मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. ते चांदवडकडचे. वडिलांच्या वेळेपासून गॅरेजला होते. मी हाफ पँटीत असताना त्यांनी मला पाना धरायला शिकवलं. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला एकटं असताना बाळू आणि गिऱ्हाइकासमोर शेठ. त्यांची एक रीत होती. स्टिअरिंगचा किंवा चाकाचा कुठलाही नट आवळला, त्यात खिळीसारखी बारीक पिन घालून तिची दोन टोकं वाकवली, की मगच एका छोट्या डबीतला पिवळा ऑइलपेंट कडुलिंबाच्या काडीने घेऊन नटावर एक ठिपका द्यायचे. पिनच्या आधी ठिपका कधीच नाही. ठिपका असला की समजायचं, हे काम पुरं झालंय आणि ते रंगनाथने केलंय. गावोगावचे ट्रॅक्टरवाले तो ठिपका ओळखायचे. मला त्याची लाज वाटायची. इंजिनिअरिंगच्या कामावर हळदीकुंकवासारखा ठिपका कसला?

पद्मिनीचा जुना स्टिअरिंग बॉक्स मी काढून टाकला. त्याच्या जागी नव्या छोट्या गाडीचा रॅक बसवायचा ठरवला — रॅक म्हणजे आडवा दांडा, स्टिअरिंग फिरवलं की तो डावी-उजवीकडे सरकतो आणि दोन्ही चाकांना ओढतो. नवे स्प्रिंग, नवे शॉकअब, पुढे डिस्क ब्रेक, सगळं मी ड्रॉइंगवर काढलं. इंजिनला धक्का लागू नये म्हणून रॅकखाली दोन जाड पट्ट्या घालून तो वर उचलला. बसवायचं आणि आवळायचं काम काकांनी केलं. सगळ्या नटांवर त्यांचे ठिपके पडले.

मग त्यांनी एक उद्योग केला. एका बाजूचा स्प्रिंग काढला, चाकाला लागून दोरा ताणला, जॅकने चाक हळूहळू वर नेलं, खाली आणलं. सरळ असायला हवं ते चाक वर जाताना दोऱ्यापासून सुटत होतं. त्यांनी मला बोलावलं. दुर्दैवाने — नाही, दुर्दैव कसलं, नेमके — दादासाहेबही तेव्हा हॅट घालून तिथेच उभे होते.

"शेठ, रॅक लय वर बसलाय," काका हळू आवाजात म्हणाले. "खड्ड्यात चाक आपल्या मनानं वळंल. दोन्ही पट्ट्या काढू."

मी दोऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची गरज काय? मी ड्रॉइंग काढलं होतं. मी दादासाहेबांकडे बघून हसलो आणि म्हणालो, "काका, हे दोऱ्याचं शास्त्र बैलगाडीसाठी ठेवा."

दादासाहेब खदखदून हसले. काकांनी दोरा बोटांवर गुंडाळला आणि खिशात ठेवला. मला वाटलं, जिंकलो. पासष्टीला आलेल्या माणसाला, ज्याने मला पाना धरायला शिकवलं त्याला, एका हॅटवाल्यासमोर हसण्यावारी नेऊन मी जिंकलो होतो.

इथपर्यंतचं ऐकून तुम्हाला वाटेल, हा उर्मटपणाच सांगायचा होता. नाही. उर्मटपणा मी लपवलाच नव्हता, तो सगळ्या गॅरेजने पाहिला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, हातोड्या, जॅक, सगळं पेट्रोलने धुऊन लाल कापडावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. कितीही मोठं गिऱ्हाईक असो. त्या वर्षीही काकांनी पूजा केली, नारळ फोडला, आणि दरवर्षीसारखे घरच्या देवीच्या नैवेद्याला चांदवडच्या एसटीत बसले. बाकीचे गेले. शटर अर्धं खाली ओढून मी एकटाच थांबलो. उद्या गाडी द्यायची, एक चक्कर मारून बघू म्हटलं.

मागच्या कच्च्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात स्टिअरिंगने हाताला हिसका दिला. दुसऱ्या खड्ड्यात गाडी हातभर डावीकडे गेली. मी स्टिअरिंग वळवलं नव्हतं. चाक आपल्या मनानं वळलं होतं.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? फोन लावला असता — काका, तुम्ही बरोबर होता, परवा येऊन पट्ट्या काढू, दादासाहेबांना दोन दिवस थांबवतो. एवढंच. पण पडलो तरी नाक वर. मी दुपारी भर उन्हात पूजेतली हत्यारं उचलली. झेंडू बाजूला सारला, पान्याला लागलेली हळद पुसलीही नाही. गाडीखाली शिरलो आणि रॅकखालच्या दोन्ही पट्ट्या काढल्या. त्यासाठी रॅक चाकाला जोडणारा डावीकडचा सांधा सोडवावा लागला. तो निघेना म्हणून मी हातोडा घातला, नटाचे आटे गेले. काकांचा ठिपका असलेला तो नट मी भंगारात टाकला आणि नवा लावला. मग काकांच्याच पद्धतीने चाक वर-खाली करून पाहिलं. दोऱ्याने. ते सरळ राहिलं. म्हातारा बरोबर होता, आणि हे कुणाला कळणार नव्हतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

नवा नट मी आवळला, पण पुरता नाही. पिन जाण्यासाठी नटाची खाच आणि आतलं भोक समोरासमोर यावं लागतं, ते येत नव्हतं. अजून थोडा पीळ द्यायला हवा होता, आणि पिनांचा डबा तिकडे पूजेत फुलांखाली होता. तेवढ्यात दादासाहेबांचा फोन आला. उद्या फोटोग्राफर आठलाच येणार, तर वाइनच्या रंगावर झेंडूचा हार शोभेल की शेवंतीचा? मी त्यांच्याशी दहा मिनिटं शेवंतीवर बोललो. मग हत्यारं पुसली, होती तशी कापडावर मांडली, फुलंसुद्धा होती तशी ठेवली, आणि घरी गेलो.

म्हणजे विसरलो — असं म्हणून इथे थांबता आलं असतं. विसरणं हा सभ्य गुन्हा आहे. आता तुम्ही मनाशी म्हणत असाल, बिचारा विसरला. बिचारा कुणाला म्हणता?

मला आठवलं होतं. दसऱ्याच्या सकाळी गाडीला हार बांधत होते. दादासाहेबांच्या पत्नी, त्यांना सगळे वहिनी म्हणतात, पुढच्या सीटवर बसत होत्या. त्यांनी काकांसाठी पेढ्यांचा वेगळा पुडा आणला होता आणि मिस्त्री कुठे आहेत म्हणून विचारत होत्या. मिस्त्री म्हटल्याबरोबर मला पिन आठवली. लख्ख आठवली. मी गाडीपासून चार पावलांवर होतो. थांबा म्हणायचं होतं, जॅक लावायचा होता, पाच मिनिटांचं काम होतं. पण मग गाडी काल कुणी उघडली, पूजेतल्या हत्यारांना हात कुणी लावला, आणि पट्ट्या का काढल्या, हेही सांगावं लागलं असतं. हॅटवाल्यासमोर. फोटोग्राफरसमोर. मी मनाशी म्हटलं, नट बऱ्यापैकी घट्ट आहे, दिंडोरीपर्यंत काय होतंय, उद्या फुकट तपासणीच्या नावाखाली बोलावून घेऊ. आणि मी हसत हात हलवला. माझा तो हात हलवतानाचा फोटो अजून त्यांच्या बंगल्यात लावलेला आहे.

गाडी दिंडोरीच्या अलीकडे, त्यांच्याच बागेच्या वळणावर, डावीकडे गेली ती वळलीच नाही. द्राक्षाच्या मांडवाचे तीन खांब आणि तारा घेऊन थांबली. दादासाहेबांना खरचटलंही नाही. वहिनींचं मनगट मोडलं, त्यात स्टीलची पट्टी घालावी लागली. तो हात अजून पुरता वळत नाही.

क्रेनने गाडी दुपारी माझ्या दारात आणून टाकली. दसरा, सगळं बंद, मी एकटा. खाली वाकून पाहिलं तर डावीकडचा नट शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. कोरा, नवाकोरा नट. पिन नाही. ठिपका नाही. ज्याने कुणी रंगनाथचं काम पाहिलंय त्याला एका नजरेत कळलं असतं की हा नट रंगनाथने लावलेला नाही. मग कुणी लावला?

मी काकांची पेटी उघडली. पिवळ्या रंगाची डबी काढली, कडुलिंबाची काडी काढली. आणि त्या नटावर ठिपका दिला.

हात थरथरला का? नाही. तुम्हाला तसं ऐकायला आवडेल, पण नाही. मी चांगलं, सुबक काम केलं. ठिपका जरा मोठा झाला म्हणून कडेने पुसूनही घेतला. थोडा वाळल्यावर त्यावर ग्रीस आणि रस्त्याची धूळ चोळली. मग दादासाहेबांना फोन करून म्हणालो, मिस्त्रींकडून पिन राहिली, वय झालंय आता त्यांचं, चूक माझीच की मी अजून त्यांना ठेवलंय. हे शेवटचं वाक्य मला सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. त्यांना काही माहीत नव्हतं. खिशातून आपट्याची पानं काढून माझ्या हातात दिली, "सोनं घे बाळू, सोन्यावानी ऱ्हा." मी ती पानं घेतली, खिशात ठेवली, आणि त्यांना गाडीपाशी नेलं.

ते चवड्यावर बसले. नटाकडे बघत राहिले. मी मागे उभा राहून एकच गोष्ट बघत होतो — मान वर करतात का. त्यांनी वीतभर मान वर केली असती तर रॅकखालच्या पट्ट्या गायब आहेत हे दिसलं असतं, आणि त्या माणसाला मग काहीही सांगावं लागलं नसतं. पण त्यांची नजर ठिपक्यावरून हललीच नाही. नटावर बोट फिरवलं, पिनच्या भोकावर फिरवलं, पुन्हा ठिपक्यावर.

"ठिपका माझाच हे," ते म्हणाले. "पिन नाय. पिन घातल्याबिगर मी ठिपका देत नाय बाळू. पर दिलाय. म्हंजे माझ्या डोक्यातून गेलं."

मी काय बोलायला हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी म्हणालो, असू दे काका.

दुसरा कुणी मिस्त्री असता तर भांडला असता, मी नाही केलं म्हणाला असता, चार लोकांना गोळा केलं असतं. मी त्याची तयारीही ठेवली होती. पण हा माणूस आपल्या ठिपक्यावर इतका विश्वास ठेवून होता की त्याने ठिपका खरा मानला आणि स्वतःला खोटं ठरवलं. त्याच दिवशी ते एसटीने दिंडोरीला गेले, वहिनींसमोर हात जोडून उभे राहिले. दादासाहेबांनी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. संध्याकाळी येऊन काकांनी पेटी उचलली आणि चांदवडला गेले ते कायमचे. पेटीचं ओझं होईल म्हणून मी त्यांना रिक्षा करून दिली. हेसुद्धा केलं मी!

माझं काय बिघडलं? काहीच नाही. उलट दादासाहेब सगळीकडे सांगत सुटले की मिस्त्रीचा गलथानपणा नडला, बाकी इंजिनिअरचा रॅक एक नंबर, खड्ड्यात गाडी तसूभर हलत नाही. मला कामं वाढली. धुळ्याहून, संभाजीनगरहून गाड्या येतात. प्रत्येक गाडीचं चाक मी वर-खाली करून दोऱ्याने तपासतो, आणि गिऱ्हाइकाने विचारलं तर ही आपली जुनी पद्धत आहे म्हणून सांगतो. 'आपली' म्हणताना जीभ अडखळत नाही. माणूस नाकाने कांदे सोलायला लागला की त्याच्या डोळ्यांतून पाणीसुद्धा येत नाही.

पुढच्या खंडेनवमीला काका आले होते. न बोलावता. हत्यारं मांडून झाली होती, पोरं म्हणाली, हळद तुम्हीच लावा. त्यांनी हात मागे घेतला, माझा हात नको म्हणाले. मग मला बाजूला घेऊन त्यांनी हात जोडले. तुझ्या बापाच्या गॅरेजला माझ्यामुळं बट्टा लागला, मला माफ कर, म्हणाले. पासष्टीचा माणूस, माझ्यापुढे, हात जोडून.

आणि मी त्यांना माफ केलं.

ऐकताय ना? मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, "जाऊ द्या काका, माणूस आहे, चुकतो." आवाजही जड करून घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या मनाचा मालक म्हणून पोरांनी माझ्याकडे पाहिलं.

गेल्या महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. मामंजी गॅसचं बटण दहा-दहा वेळा बघतात, म्हणाली. दाराची कडी लावून झाली की परत उठून चाचपतात. नातवाच्या सायकलीला हात लावायला सांगितलं तर नको म्हणतात, माझ्या हातून काहीतरी राहून जाईल म्हणतात. देवाचा दिवासुद्धा आपण लावलाय की नाही ते दुसऱ्याला विचारतात. डॉक्टरला दाखवलं, तर त्यांनी विचारलं की विसरायला कधीपासून लागले. तिने मला फोन केला होता तो तेवढ्यासाठीच. गॅरेजात तुम्ही रोज बघत होता, तर कधीपासून ते तुम्हीच सांगा, म्हणाली.

मी सांगितलं. त्या दसऱ्यापासून, म्हणालो. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि रोज एक गोळी सुरू केली.

चांदवड इथून तासाभराच्या वाटेवर आहे. रस्ता चांगला आहे, माझ्याकडे गाड्याही पुष्कळ आहेत. मी गेलेलो नाही. ते रोज जेवण झाल्यावर गोळी घेतात, सून देते ती पाण्याबरोबर गिळतात. त्यांच्या डोक्यातून कधी काहीही गेलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं, आता तुम्हालाही माहीत आहे. त्यांना मात्र माहीत नाही.